व्यत्यास

आषाढ लागला की लोणावळ्यात सकाळ आणि संध्याकाळ यांतील भेद पुसट होतो. समोरच्या घराचे छप्पर धुक्यात बुडते, भिंतींना ओल येते आणि भर दुपारी दिवा लावून वाचावे लागते. यंदाच्या पावसात अशाच एका दुपारी माझी नात एक जाडजूड पुस्तक घेऊन माझ्यासमोर येऊन बसली. बारावीत शिकणाऱ्या या मुलीने वकील व्हायचे ठरवले आहे. राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेशासाठी २००८ पासून क्लॅट नावाची परीक्षा घेतली जाते. अलीकडे ती डिसेंबरात होते. महाराष्ट्र राज्याची विधी प्रवेश परीक्षा २०१६ साली सुरू झाली. दोन्हींत तर्काची चाचणी असते आणि त्या चाचणीने माझ्या नातीला बेजार केले होते.

"आजोबा, तुम्ही गणिताचे शिक्षक ना? मग हे बघा," असे म्हणून तिने पुस्तक माझ्या पुढ्यात सरकवले. तिला अडलेल्या प्रश्नाचा प्रकार मोठा गमतीचा होता. आधी एक सदोष युक्तिवाद दिलेला असतो आणि खाली चार पर्याय असतात. कोणता युक्तिवाद खरा, असे कोणी विचारीत नाही. वरच्या युक्तिवादात जी चूक आहे, तीच चूक खालीलपैकी कोणत्या युक्तिवादात आहे, असे विचारतात. अमेरिकेत विधी महाविद्यालयांच्या प्रवेशासाठी १९४८ पासून एलसॅट नावाची परीक्षा घेतली जाते. हा प्रकार त्या परीक्षेत विशेष रुळलेला आहे, आणि तेथूनच तो आपल्याकडील सरावाच्या पुस्तकांत आला.

नातीच्या पुस्तकातील उदाहरणे परक्या मुलखातली होती. म्हणून तिला समजावे यासाठी मी आमच्या गावची उदाहरणे घेऊन तसाच एक प्रश्न रचला. "घाटात दरड कोसळली तर गाडी उशिरा येते. आज गाडी उशिरा आली. म्हणून आज घाटात दरड कोसळली आहे." हा झाला मूळ युक्तिवाद. त्याखाली मी चार पर्याय लिहिले.

पहिला: घाटात दरड कोसळली तर गाडी उशिरा येते. आज गाडी वेळेवर आली. म्हणून आज दरड कोसळलेली नाही.

दुसरा: पाऊस थांबला तर मुलांची सहल निघेल. पाऊस थांबला नाही. म्हणून सहल निघणार नाही.

तिसरा: घरी बाळाचा बाप्तिस्मा असला की पाहुणे येतात. शेजारी आज पाहुणे आले आहेत. म्हणून शेजारी बाप्तिस्मा आहे.

चौथा: तिकीट असेल तरच माणसाला आत सोडतात. त्या गृहस्थांना आत सोडले. म्हणून त्यांच्याजवळ तिकीट होते.

नातीने क्षणार्धात पहिल्या पर्यायावर बोट ठेवले. "यातही दरड आणि गाडी आहे," ती म्हणाली. परीक्षा घेणाऱ्याने सापळा लावलेला असतो तो नेमका येथेच. विषय सारखा असला की रचनाही सारखी असेल, असे आपल्याला वाटते. वास्तविक पहिला पर्याय संपूर्ण निर्दोष आहे. दरड कोसळली तर गाडीला उशीर होतोच हे एकदा मान्य केले, की वेळेवर आलेली गाडी दरड कोसळली नसल्याचा पुरावा ठरते.

वाचकहो, 'जर-तर'च्या विधानाचे दोन भाग असतात. 'जर'च्या भागाला तर्कशास्त्रात पूर्वांग म्हणतात आणि 'तर'च्या भागाला उत्तरांग. आपण पूर्वांगाला 'क' म्हणू आणि उत्तरांगाला 'ख' म्हणू. 'क असेल तर ख' हे हाती आले की पुढे चारच वाटा फुटतात. क आहे, म्हणून ख आहे. ही वाट सरळ. ख नाही, म्हणून क नाही, हीही सरळ. ख आहे, म्हणून क आहे. ही आडवाट, कारण ख दुसऱ्या एखाद्या कारणानेही घडलेले असू शकते. क नाही, म्हणून ख नाही. हीही आडवाट, आणि कारण तेच. दोन वाटा मुक्कामाला नेतात आणि दोन दरीत नेतात. मात्र चौघींची तोंडे धुक्यात अगदी सारखी दिसतात.

तेव्हा युक्ती एवढीच, की गाडी, पाऊस, पाहुणे हे सारे विसरायचे. आधी निष्कर्ष कोणता ते शोधायचे. मग 'जर-तर'चे वाक्य शोधून त्याचे क आणि ख ठरवायचे. त्यानंतर तिसरे वाक्य क विषयी बोलते की ख विषयी, होकार देते की नकार, हे पाहायचे. मूळ युक्तिवादात ख ला होकार देऊन क काढला आहे. दुसऱ्या पर्यायात क ला नकार देऊन ख नाकारला आहे. चूक तिथेही आहे, पण ती दुसरी चूक. तिसऱ्या पर्यायात पाहुण्यांवरून बाप्तिस्मा काढला आहे. शेजारच्या घरी लग्नाची बोलणी असतील, कोणी आजारी असेल, किंवा पाहुणे नुसतेच भुशी धरण पाहायला आलेले असतील. उत्तर तिसरे.

"मग चौथे का नाही?" नातीने विचारले. "त्यातही उलटेच काढले आहे की!" हा प्रश्न तिने विचारला याचे मला समाधान वाटले. चौथ्या पर्यायात सारी करामत एका 'च'ची आहे. 'तिकीट असेल तर सोडतात' आणि 'तिकीट असेल तरच सोडतात' ही दोन वाक्ये एक नव्हेत. 'तरच' म्हटल्याबरोबर तिकिटाशिवाय आत जाण्याची वाट बंद होते. म्हणून आत गेलेल्या माणसावरून त्याचे तिकीट सिद्ध होते. मराठीत 'च' हे इवलेसे अक्षर, पण ते विधानाची दिशा उलटी फिरवते. 'शिवाय', 'नाहीतर', 'जो-तो', 'जेव्हा-तेव्हा' हे शब्दही वेष पालटून आलेले 'जर-तर'च असतात, हे तिला त्या दिवशी मी लिहून दिले.

ही चूक काही आजची नव्हे. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने तर्कदोषांवर एक ग्रंथ लिहिला. त्यात त्याने या दोषाला जे उदाहरण दिले, ते लोणावळ्यात बसून दिले असावे असे वाटते: पाऊस पडला की जमीन ओली होते, म्हणून जमीन ओली दिसली की लोक पाऊस पडला असे समजतात. आपल्या न्यायशास्त्रातील जुने उदाहरणही डोंगराचेच आहे. डोंगरावर धूर दिसला तर तेथे अग्नी आहे असे अनुमान करता येते, कारण जेथे धूर तेथे अग्नी हे साहचर्य कधी मोडत नाही. मात्र अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, असे उलट म्हणता येत नाही. लोहाराच्या भट्टीतून काढलेला लोखंडाचा तापलेला गोळा धुराशिवायच लाल असतो. सतराव्या शतकातील अन्नंभट्टांच्या 'तर्कसंग्रहा'त या उलट्या अनुमानाची चूक कोठे आहे तेही सांगितले आहे. अग्नीला धूर येतो तो ओल्या सरपणाशी संयोग झाला तर. या गुपचूप मध्ये शिरलेल्या अटीला नैयायिक 'उपाधी' म्हणतात. पावसाळ्यात चुलीपुढे डोळे पुसत स्वयंपाक करणाऱ्या आमच्या आईला ही उपाधी कोणत्याही पंडिताशिवाय ठाऊक होती.

१९६६ साली पीटर वेसन नावाच्या इंग्रज मानसशास्त्रज्ञाने एक साधा खेळ मांडला. टेबलावर चार पत्ते. आपल्या लिपीत सांगायचे तर त्यांवर अ, क, ४ आणि ७ असे लिहिलेले. प्रत्येकाच्या एका बाजूस अक्षर आणि दुसऱ्या बाजूस अंक. नियम असा, की एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम अंक असतो. नियम खरा की खोटा हे ठरवण्यासाठी कोणते पत्ते उलटावे लागतील? बरोबर उत्तर 'अ' आणि '७' असे आहे. शिकलेल्या माणसांपैकीही पुष्कळ जण 'अ' आणि '४' उलटतात. चारच्या मागे व्यंजन निघाले तरी नियम मोडत नाही, हे त्यांच्या ध्यानी येत नाही.

माझ्या ध्यानी ते यायला हवे होते. तीस वर्षे मी मावळातल्या मुलांना भूमिती शिकवली. दर वर्षी फळ्यावर एक वाक्य लिहीत असे: प्रमेय खरे म्हणून त्याचा व्यत्यास खरा ठरत नाही, तो वेगळा सिद्ध करावा लागतो. चौकोन चौरस असेल तर त्याचे कर्ण समान असतात. पण कर्ण समान आहेत म्हणून चौकोन चौरस होत नाही; तो साधा आयत असू शकतो. मुले हे वहीत उतरवून घेत. वाक्य फळ्यावर लिहिणारा मास्तर मात्र ते घरी घेऊन गेला नव्हता.

१९८३ चा जुलै महिना होता. आमच्या घरी कुरवंड्याच्या बाजूच्या एका वाडीवरून एक बाई भांडी-धुणे करायला येत. आम्ही सारे त्यांना मावशी म्हणत असू. चार-पाच वर्षे त्यांचा आमच्या घरात वावर होता. एका बुधवारी आईची लग्नातली अंगठी सापडेनाशी झाली. वडील नुकतेच वारले होते. ती अंगठी त्यांनी वेदीसमोर आईच्या बोटात घातलेली होती, त्यामुळे सोन्याहून तिचे मोल वेगळे होते. सगळे घर धुंडाळले. गुरुवारी मावशी आल्या नाहीत. शुक्रवारी आल्या नाहीत. शनिवारीही आल्या नाहीत.

त्या संध्याकाळी ओसरीवर शेजारची तीन माणसे बसली असताना मी म्हणालो, "तिने अंगठी घेतली असेल तर ती तोंड दाखवणार नाही. तीन दिवस तिने तोंड दाखवलेले नाही. आणखी काय पाहिजे?" वाक्य किती सफाईदार निघाले, याचे त्या वेळी मला बरेही वाटले असावे. आईने फक्त एवढेच म्हटले, "असं बोलू नये रे." पण बोलणे ओसरीवरून उतरून गल्लीत गेले होते. सोमवारपर्यंत मावशींची आणखी दोन घरची कामे सुटली.

मावशी पाचव्या दिवशी आल्या. पायांना पिंढऱ्यांपर्यंत चिखल वाळलेला होता. लावणी सुरू झाली होती. मावळात जुलैत पावसाने साथ दिली की भाताची रोपे उपटून खाचरात लावण्यासाठी घरातले प्रत्येक माणूस शेतात उतरते. त्या दिवसांत वाडीवरचे कोणीच गावात कामाला येत नाही. त्यांनी एका पोराजवळ निरोप धाडला होता, तो आमच्यापर्यंत पोहोचला नव्हता. गल्लीतून येतानाच त्यांना सारे कळले होते. दारात उभ्या राहूनच त्या मला म्हणाल्या, "न्हाई आले म्हून मी चोर ठरले. दुसऱ्याच दिवशी आले असते मास्तर, तर मंग साव ठरले असते का?"

मला उत्तर सुचले नाही. खरे उत्तर 'नाही' असे होते. दुसऱ्या दिवशी त्या आल्या असत्या, तर संशय येऊ नये म्हणून आली, असे मीच म्हणालो असतो. आल्या तरी चोर आणि न आल्या तरी चोर; मग येण्या-न येण्याला पुरावा कसे म्हणायचे? शाळेचे तोंड न पाहिलेल्या त्या बाईने माझा युक्तिवाद एका वाक्यात तपासला होता. मी मात्र त्या वेळी एवढेच म्हणालो, की आता काम नको. त्या गेल्या.

नोव्हेंबरात थंडी पडू लागली आणि आईने लोकरीचे कपडे उन्हात घालायला बाहेर काढले. पावसाळ्यातल्या गारठ्यात ती जो जुना स्वेटर घालीत असे, त्याच्या खिशात अंगठी निघाली. पीठ मळताना काढून ठेवलेली. आई काही बोलली नाही. अंगठी तळहातावर घेऊन ती बराच वेळ बसून राहिली आणि मग तिने ती बोटात न घालता पेटीत ठेवली.

आगमनकाळात मी पापनिवेदनाला गेलो. धर्मगुरूंनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "एखाद्याचे पैसे घेतले असते तर काय केले असते?" परत केले असते, असे मी म्हणालो. "मग नावही परत करायला हवे," ते म्हणाले. आठव्या आज्ञेच्या संदर्भात पुरेशा आधाराशिवाय शेजाऱ्याचा दोष खरा मानणे हेही पाप आहे आणि त्याची भरपाई करावी लागते, हे आपल्या धर्मशिक्षणात आहेच. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षण-ग्रंथात ते स्पष्ट शब्दांत मांडलेले मी पुढे वाचले, तेव्हा ते माझ्यासाठीच लिहिले आहे असे वाटले.

मी वाडीवर गेलो. खळ्यावर भाताची झोडणी चालली होती. मावशींनी मला घोंगडीवर बसवले, काळा चहा दिला आणि माझे बोलणे पुरते ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "तुमाला कळलं, बरं झालं. पर ज्यांना तुमी सांगितलं, त्यांना कोन सांगनार?" त्या आमच्याकडे कामाला परत आल्या नाहीत. मी मात्र गल्लीत घरोघर गेलो. एका घराने त्यांना पुन्हा बोलावले. दुसऱ्या घरच्या बाई म्हणाल्या, "अंगठी तिने घेतली नाही हे खरे हो, पण मग ती तीन दिवस आली का नाही?" निष्कर्ष कोसळल्यावरही त्याचा आधार तसाच उभा होता. मी रचलेला युक्तिवाद माझ्यापेक्षा त्यांनी अधिक घट्ट धरून ठेवला होता.

हे सारे मी नातीला यंदा प्रथमच सांगितले. तिने वही उघडली आणि क म्हणजे चोरी, ख म्हणजे गैरहजेरी असे लिहिले. "आजोबा, हा तर आपला तिसरा पर्याय," ती म्हणाली. मी थोडा स्वतःचा बचाव केला. "समज, मी असे म्हणालो असतो, की निर्दोष असती तर आलीच असती, ती आली नाही, म्हणून निर्दोष नाही. मग?" तिने थोडा विचार केला. "मग रचना बरोबर ठरली असती. पण पहिलं वाक्यच खोटं झालं असतं. लावणी असताना निर्दोष माणूसही येत नाही." ती परीक्षेत उत्तीर्ण होवो न होवो, हे एक उत्तर ऐकून मला धन्य वाटले. युक्तिवाद दोन ठिकाणी मोडतो, सांध्यात किंवा पायात. दोन्ही ठिकाणी हात लावून पाहावे लागते.

याचा अर्थ संशयच घेऊ नये असा नाही. वैद्य तापावरून रोगाकडे जातो, मोटारीचा कारागीर आवाजावरून बिघाडाकडे जातो. तेही ख वरून क कडेच निघालेले असतात. परंतु तेवढ्यावर ते थांबत नाहीत. हा ताप आणखी कशाने येऊ शकेल, असे विचारून ते एकेक कारण बाजूला सारतात. शंका घेणे आणि निवाडा देणे यांत जे अंतर आहे, ते या प्रश्नानेच चालून जायचे असते. मी शंका घेतली आणि त्याच श्वासात निवाडा दिला. जुलैत वाडीवरचे माणूस आणखी कशाने गैरहजर राहील, हा प्रश्न मावळात जन्मलेल्या मला सुचू नये, याचे कारण अज्ञान नव्हते. दुसरे कारण मला नकोच होते.

त्या रात्री नातीने पवित्र शास्त्रातून आणखी दोन उदाहरणे शोधून काढली, आणि ती जुळतात का म्हणून मला विचारायला आली. ईयोबाचे मित्र मानतात, की माणसाने पाप केले तर त्याच्यावर आपत्ती येते. ईयोबावर आपत्ती आली आहे, तेव्हा त्याने पाप केले असलेच पाहिजे. योहानाच्या शुभवर्तमानात शिष्य एका जन्मांधाला पाहून पाप कोणाचे, त्याचे की त्याच्या आईबापांचे, असे विचारतात. पाप झाले आहे हे त्यांनी गृहीतच धरलेले असते. प्रश्न फक्त नावाचा उरतो. प्रभू येशू तो प्रश्नच नाकारतो. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, ती इतरांहून अधिक पापी होती असे समजू नका, असेही तो लूकच्या शुभवर्तमानात बजावतो. "जुळतात," मी म्हणालो. "क आणि ख लिहून बघ."

तिने लिहिले. मग त्याखाली तिने आमच्या ओसरीवरचे माझे वाक्यही उतरवले आणि तिन्ही एका कंसात घातली. मी काही बोललो नाही. त्या पंगतीतले माझे स्थान योग्यच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शिकवणीसाठी लोकलने पुण्याला निघाली. पाऊस संततधार लागला होता आणि गाडीला उशीर झाला होता. फलाटावर शेजारी उभे असलेले एक गृहस्थ म्हणाले, "घाटात दरड पडली असणार." नातीने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "असेलही. चौकशीच्या खिडकीवर विचारून येतो."